हात भरून येणं

सोलापूर
२० डिसेंबर २०२४

अक्का,

शरणु शरणार्थी. आपल्या लिंगायतांच्या नमस्काराचे हे दोन शब्द तुला लिहायचा हक्क मी अकरा वर्षांपूर्वी घालवला, तरी लिहिते. तू तेव्हा म्हणालीस की दाक्षायणीचा आवाज माझ्या घरात नको. अक्षराबद्दल काही म्हणाली नव्हतीस. म्हणून फोन न करता पत्र.

एकच गोष्ट सांगायची आहे. काल सकाळी माझा हात भरला.

अप्पा ज्याला हात भरणं म्हणायचे, तेच. डाव्या तळहातावर लिंग, त्यावर पळीभर पाणी, बेल, विभूती, आणि नजर तिथंच. मन उभं राहिलं की हात भरतो, असं ते सांगायचे. आपल्या दोघींची दीक्षा एकाच दिवशी झाली. तू तेरा वर्षांची, मी नऊ. तिसऱ्या दिवशी अप्पांनी विचारलं, भरला का? तू मान हलवलीस. मीही हलवली.

मला काही झालं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नंतरही कधी झालं नाही. कॉलेजात गेल्यावर पूजा सुटली आणि लिंग करडगीच्या चांदीच्या डबीसकट कपाटाच्या आतल्या खणात गेलं. इतकी वर्षं मी असं धरून चालले की ज्या घरात एक मूल खोटं मान हलवतं त्या घरात सगळेच हलवत असणार.

म्हणून अव्वा गेली त्या दिवशी ते बोलले. आपल्या रीतीनं तिला समाधीच्या खड्ड्यात बसवलं होतं. तिच्या हातात लिंग ठेवताना तू म्हणालीस, अव्वाचा हात शेवटपर्यंत भरत होता. मी चार माणसांत म्हणाले, कुणाचा काही हात भरत नाही अक्का, तिचा नाही आणि तुझाही नाही, तुम्ही नुसतं बोलता. खड्ड्याच्या काठावर उभं राहून बोलले. तू मान वर केली नाहीस.

काल गारठा होता. अंघोळ करून बसले. लिंग तळहातावर घेतलं, पळीनं पाणी सोडलं, आणि तळव्याच्या मध्यातून एक रेघ निघाली. मनगट, मग हाताची आतली बाजू, मग कोपर. मुंग्या नव्हेत. मुंग्या येतात तेव्हा हात दूर गेल्यासारखा वाटतो. हा जवळ आला. चौसष्टाव्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की मला हात आहे. दुखलंही, पण मोठं काही आत येताना उंबरा दुखावा तेवढंच. मी हलले नाही. किती वेळ बसले ते माहीत नाही. सूनबाई, सृष्टी, चहा घेऊन आली आणि परत गेली, हे तिनं नंतर सांगितलं.

तू खोटं बोलत नव्हतीस. अव्वाही नव्हती. माझे शब्द मागे घेते.

पुन्हा पूजेला का बसले ते विचारू नकोस. मध्ये तब्येत थोडी बरी नव्हती, आता ठीक आहे.

दाक्षायणी


सोलापूर
९ जानेवारी २०२५

अक्का,

तुझ्या शेजारच्या बजाबाई नवी पेठेत लग्नाचं कापड घ्यायला आल्या होत्या, त्यांनी तुझी विभूतीची पुडी आणून दिली. चिठ्ठी नव्हती. मी शोधली. मग त्यांनीच सांगितलं, की सिद्धेश्वरीअक्कांच्या शेजारी राहून पस्तीस वर्षं झाली पण त्यांनी भाकरी करपवलेली मी पहिल्यांदा पाहिली, हातात पत्र होतं म्हणून.

सृष्टीनं त्यांना माझं सगळं सांगून टाकलं. माझी सून गुणी आहे, पण पोटात काही राहत नाही. तेव्हा आता मीच नीट सांगते. मोठ्या आतड्यात गाठ होती. सप्टेंबरात काढली. जे दिसत नाही तेही मरावं म्हणून दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध देतात आणि मध्ये गोळ्या. अशी आठ सलाईनं आहेत, चार झाली. लेक महेश्वर पुण्याहून प्रत्येक सलाईनला येतो, शेजारी बसतो आणि मोबाइलवर ऑफिसचं काम करतो. त्याला वाटतं मला दिसत नाही की पडदा मघाशीच विझलेला आहे.

तू बजाबाईंकडून विचारलंस, हात रोज भरतो का. रोज नाही. सलाईननंतरचे पाचसहा दिवस खूप, मग ओसरत जातो. तिसऱ्या आठवड्यात नाहीच. तू म्हणशील नेम चुकत असेल. नेम चुकत नाही. मला वाटतं औषधानं शरीर इतकं पडलेलं असतं की मी मधे येत नाही, म्हणून त्या दिवसांत जागा होते.

परवा सकाळी फाटकाच्या लोखंडी कडीला हात लावला तर तिथंही भरला. आधी दचकले. मग वाटलं, का नाही? शिव फक्त लिंगातच आहे असं अप्पा कधी म्हणाले होते? मी कडी धरून उभी राहिले. दूधवाल्यानं विचारलं, बाई, कडी अडकली का. मी हो म्हणाले. मग त्यानं ती उघडून दाखवली.

डॉक्टर उत्कर्षा म्हणून आहेत, सृष्टीपेक्षाही लहान. दर वेळी विचारतात, हातापायाला मुंग्या येतात का, बधिर वाटतं का, बटणं लावता येतात का. मी नाही म्हणते. औषध थंडीत त्रास देतं, असं पहिल्या दिवशी दिलेल्या कागदावर होतं, ते मी वाचलंय. थंड पाणी पीत नाही, फ्रीज उघडत नाही. पण मला जे होतं ते त्यांच्या यादीत नाही. आणि समजा सांगितलं, तर त्या कुठल्या तरी रकान्यात खूण करतील. चोपन्न वर्षांनी आलेली गोष्ट मी रकान्यात घालणार नाही.

पुडी उघडली तेव्हा आपल्या देवघराचा वास आला. तू माझ्या पत्रातल्या मजकुराबद्दल काही कळवलं नाहीस तरी चालेल.

दाक्षायणी


सोलापूर
२८ जानेवारी

अक्का,

काल पाचवं सलाईन झालं. शेजारच्या खुर्चीत दगडाबाई म्हणून होत्या, श्रीपूरच्या. साखर कारखान्याच्या चाळीत राहतात. मोठ्यानं बोलतात आणि अख्ख्या खोलीला हसवतात. नर्सनं त्यांना गोळी घ्यायला स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. त्यांनी पेला धरला आणि तसाच खाली ठेवला.

"करंट हाय ह्यात," म्हणाल्या.

नर्सनं कोमट पाणी आणते म्हटलं आणि गेली. दगडाबाई माझ्याकडं वळल्या. "घरी बी ह्येच. नळाखाली भांडी घासाया बसलं की हातातनं चर्रर्र जातंय, पार कोपरापतूर. मला वाटलं मोटरीचा करंट पाण्यात उतरला. वायरमन बोलीवला, दोनदा. त्यो समदीकडं टेस्टर लावून बघतो न् म्हणतो, मावशी, करंट नळात न्हाय, तुमच्यात हाय."

मी विचारलं, रोज होतं का.

"सलाईन झालं की आठ दिस. मग जातंय. तुमाला न्हाय येत?"

मी नाही म्हणाले. अप्पांना हो म्हणाले होते तेव्हा काही नव्हतं. दगडाबाईंना नाही म्हणाले तेव्हा होतं.

आज सकाळी सृष्टी बाहेर गेल्यावर मी फ्रीज उघडला. दह्याचं भांडं धरलं. हात भरला. मग मोरीत बसून टाकीच्या पाण्याखाली भाताचा डाव धरला. कोपरापर्यंत भरला. तीच रेघ, तोच वेग. त्यानंतर पाणी कोमट केलं, पूजेला बसले आणि कोमट पाण्यानं अभिषेक केला.

काही झालं नाही.

मी बसून राहिले. बेल सुकला. काही झालं नाही, अक्का.

हे पत्र मी टाकणार नाही.


सोलापूर
१८ फेब्रुवारी

अक्का,

सोबत आधीचं पत्र जोडलं आहे. ते आधी वाच आणि मग हे.

बजाबाईंचा सृष्टीला फोन आला होता. शिवरात्रीला मठात बायका जमणार आहेत आणि तिथं माझं नाव दिलंय, मी येऊन हाताबद्दल सांगायचं आहे. तू सगळ्यांना सांगितलंस. पुढच्या ओळीत माझ्यासाठी खुर्ची ठेवायला सांगितलीस, खाली बसवणार नाही तिला म्हणून. माझ्याशी तू अकरा वर्षं बोलली नाहीस आणि खुर्चीचा विचार केलास. ते ऐकलं, आणि काल डॉक्टरांना सगळं सांगितलं.

लिंगाचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. टेबलावर टाचणी ठेवली आणि म्हणाल्या, उचला. मला उचलता आली नाही. बोटं तिच्यावर होती, पण ती बोटांखाली आहे की बाजूला हे मला बघून ठरवावं लागत होतं. थंडीचा करंट येतो आणि जातो, त्याच्या आडून हे दुसरं हळूहळू येत होतं आणि मी तिकडं पाहिलंच नव्हतं. ब्लाऊजची हुकं सृष्टी लावते, तिला हौस म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते.

"पाच वेळा विचारलं मी, काकू," त्या म्हणाल्या.

नंतर त्यांनी एका जुन्या रिपोर्टच्या पाठीमागं पाठीचा कणा काढला. त्यांनी जे सांगितलं ते मला तुला सांगायचंय, कारण दुसऱ्या कुणाला सांगावं असं वाटत नाही.

कण्याच्या प्रत्येक मण्याशेजारी दोन्ही बाजूंना एकेक गाठ असते, डाळीएवढी. स्पर्श कळवणाऱ्या पेशी त्या गाठीत राहतात. पेशी राहते तिथं, पण तिचा धागा निघतो तो थेट बोटाच्या टोकापर्यंत जातो. मध्ये कुठंही जोड नाही. माझ्या पायाचा अंगठा ते माझी कंबर, ही एक पेशी आहे, अक्का. एकच. पस्तीस वर्षं मी शाळेत शिकवत होते, विज्ञानाच्या बाई शेजारच्या टेबलावर बसायच्या, आणि मला वाटायचं पेशी म्हणजे डोळ्याला न दिसणारा ठिपका. माझ्या अंगात माझ्या पायाइतक्या लांब पेशी आहेत. तू जन्मलीस तेव्हापासून तुझ्यातही त्याच आहेत, बदललेल्या नाहीत. अव्वानं तुला पहिल्यांदा उचललं ते ज्यांना कळलं त्याच आजही आहेत.

मेंदूला राखण असते, ती रक्तातलं वाटेल ते आत जाऊ देत नाही. या गाठींना राखण नाही. औषध तिथं शिरतं. या औषधात प्लॅटिनम आहे. मी विचारलं, सराफाकडं मिळतं ते? म्हणाल्या, तोच धातू. तो पेशीत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं राहतो. म्हणजे उद्या मला अव्वाशेजारी बसवाल तेव्हा आपल्या घराण्यात मी पहिली, प्लॅटिनम घेऊन गेलेली.

ज्यांचे धागे सगळ्यांत लांब त्या पेशी आधी थकतात, म्हणून बोटांपासून सुरुवात. आणि जो हात भरत होता त्याचंही त्यांनी सांगितलं. धाग्यावर बारीक दारं असतात. एक निरोप गेला की दार मिटतं. हे औषध अंगात ताजं असताना थंडी लागली की दार मिटतच नाही. तोच निरोप जातो, पुन्हा जातो, पुन्हा जातो. पळीभर पाणी पडलं, एवढाच निरोप होता.

मी म्हटलं, इतकं मोठं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, मोठंच आहे की.

सलाईन बंद केलं. गोळ्या चालू राहतील. मी विचारलं, मग आजार परत येईल? त्यांनी लपवलं नाही. म्हणाल्या, बरंचसं काम पाच सलाईनांत झालंय, थोडा धोका वाढतो, नाही म्हणणार नाही, पण आणखी दिलं तर हातपाय कायमचे जातील. आताही किती परत येतील ते सांगता येत नाही. आणि एक गोष्ट ऐकून ठेवा, औषध थांबलं तरी हे काही महिने वाढतच जाणार आहे. इंजिन बंद केलं तरी गाडी थोडी पुढं जाते तसं. पहिल्या दिवशीच बोलला असता तर, असं म्हणून त्या थांबल्या.

मठातलं माझं नाव काढ. मी येणार नाही. मला पुन्हा खोटी मान हलवायची नाही.

राहिली माफी. ती मी ज्या पुराव्यावर मागितली तो पुरावा गेला. माफी मात्र आहे तशीच आहे, मी रोज सकाळी बघते. हे कसं, ते मला कळत नाही. तुझा हात भरतो का, हे मला अजूनही माहीत नाही. मी ते बोलायला नको होतं एवढं माहीत आहे.

दाक्षायणी


सोलापूर
२८ मे

ती. सिद्धेश्वरीअक्का यांस,

हे अक्षर सृष्टीचं आहे, मी सांगते आणि ती लिहिते. पेन बोटांतून फिरतं आणि पडल्याचं कळत नाही.

गोळ्या एप्रिलात संपल्या. तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं, औषध थांबलं आणि बधिरपणा वाढला. पायाखाली घडी घातलेली चादर आहे असं वाटतं, फरशीवरही आणि रस्त्यावरही. रात्री तळपाय जळतात. ज्याला स्पर्श कळत नाही त्याला आग कशी कळते, याचं मला नवल वाटतं.

दगडाबाई भेटल्या होत्या. एस.टी. स्टँडवर उतरल्या तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठं गेली ते त्यांना सांगता येईना. श्रीपुरापासून शोधत यावं लागंल, म्हणाल्या.

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून मी लिहिलं नव्हतं.

प्रकृतीस जप.

दाक्षायणी

मावशी, हे खालचं मी लिहिते आहे, आईंना माहीत नाही. मागच्या सोमवारी त्यांनी मी नसताना कडक भाकऱ्या करायला घेतल्या. तव्याच्या कडेला अंगठा टेकला होता. वास आला म्हणून त्यांना कळलं, आधी वाटलं भाकरी करपली. त्या मला म्हणाल्या, फक्त भाजलंय, दुखत नाही. दुखत नाही हेच तर, मावशी. तुम्ही आलात तर बरं होईल. आई रोज पोस्टमनची वेळ झाली की बाहेरच्या खोलीत बसतात. — सृष्टी


सोलापूर
१२ जून

अक्का,

अक्षर माझंच आहे. सृष्टीनं पेनाला कापड गुंडाळून दिलंय. हळू लिहावं लागतं, बोटांकडं सारखं बघावं लागतं. वर्गातल्या पहिलीच्या मुलांसारखं.

तू आलीस. रिक्षातून उतरलीस ती सरळ स्वयंपाकघरात गेलीस आणि तवा उचलून माळ्यावर टाकलास. अकरा वर्षांनी आत येणाऱ्या माणसानं आधी पाणी मागावं अशी रीत आहे. सृष्टी घाबरली. मी नाही घाबरले. मी तुला घाबरायचं कधीच सोडलंय, हे तुला वाटतं तितकं खरं नाही.

दोन दिवस तू पत्राबद्दल काही बोलली नाहीस. माझा अंगठा धुतलास, मलम लावलंस. तिसऱ्या दिवशी माझ्या पायाची नखं काढायला बसलीस तेव्हा बोललीस, तेही माझ्या पायाशी बोलल्यासारखं. शिवरात्रीला माझं नाव काढलंस आणि माझ्या जागी स्वतः उभी राहिलीस. दोन्ही पत्रं वाचून दाखवलीस, कन्नडमध्ये सांगत सांगत. माझ्या बहिणीचा हात औषधानं भरला, असं म्हणालीस. मी विचारलं, मग? म्हणालीस, दोघी उठून गेल्या. एकीनं औषधाचं नाव विचारलं.

आपण दोघी हसलो. तू नेलकटर घेऊन बसलेली, म्हणून मला हलू नको म्हणालीस आणि स्वतःच हलत होतीस.

मग म्हणालीस, "लहानपणी तुझा हात भरला नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं. तू अप्पांकडं नाही, माझ्याकडं बघून मान हलवलीस."

मी विचारलं, आणि तुझा?

तू नेलकटर पुढच्या बोटावर नेलंस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. जायच्या आदल्या दिवशी तू माझ्याबरोबर तपासणीला आलीस. डॉक्टर उत्कर्षांनी नादकाटा काढला. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच, दोन दातांचा. तो तळहातावर आपटून त्यांनी माझ्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. मला काही कळलं नाही. घोट्यावर टेकवला. नाही. नडगीवरून वर वर नेला. गुडघ्याच्या खाली चार बोटांवर आला तेव्हा हाडातून गुणगुण आली. तिथं मी संपते आणि तिथं सुरू होते, हे मला जागेसकट कळलं. डॉक्टरांनी पेनानं खूण केली. म्हणाल्या, पेशीचं घर शाबूत असेल तर धागा पुन्हा वाढतो, दिवसाला फार तर एक मिलिमीटर, आणि शाबूत आहे की नाही ते आत जाऊन पाहता येत नाही. मी मनात अंतर काढलं. वर्ष, दीड वर्ष. वाढला तर.

तू मघापासून काट्याकडं बघत होतीस. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी विचारलं, बघायचंय का, मावशी? तू लगेच चप्पल काढलीस. अडुसष्ट वर्षांच्या बाईनं इतक्या लगेच चप्पल काढलेली मी पाहिली नाही.

त्यांनी काटा आपटला आणि तुझ्या अंगठ्यावर टेकवला. थांबलं की सांगा, म्हणाल्या. तू डोळे मिटलेस.

तुझा चेहरा तू पाहिला नाहीस, म्हणून लिहिते. आधी कपाळ सुटलं. मग तोंड किंचित उघडलं. तुझा डावा हात मांडीवर होता, तो आपोआप उताणा झाला. माझ्या पायातून गेलेल्या सगळ्या पेशी मला तिथं दिसल्या, तुझ्यात, जिवंत, कंबरेपासून अंगठ्यापर्यंत न तुटता गेलेल्या, आणि त्यातून एका लोखंडाच्या तुकड्याचं थरथरणं वर येत होतं. मला हेवा वाटला नाही. तो वाटेल असं मला वाटलं होतं.

काटा फार तर अर्धा मिनिट वाजतो. डॉक्टर थांबल्या. मग त्यांनी काटा तुझ्या पायावरून उचलला, पुसला आणि खणात ठेवला. खण बंद झाल्याचा आवाज झाला. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं. तू तशीच होतीस.

डॉक्टरांनी हळू विचारलं, "थांबलं का?"

तू म्हणालीस, "इन्नू अद." मग त्यांना कन्नड कळत नाही हे आठवून म्हणालीस, "अजून आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, की विचारू नका. त्या पुढच्या पेशंटचा कागद वाचायला लागल्या आणि आपण दोघी तिथं बसून राहिलो. नंतर तू डोळे उघडलेस, चप्पल घातलीस आणि म्हणालीस, चल, गाडी चुकेल.

काटा खणात होता, अक्का. हे तुला सांगायचं की नाही यात माझे चार दिवस गेले. पूर्वीची मी असते तर तिथंच, डॉक्टरांसमोर बोलले असते.

थांबलं की सांगा, असं त्यांनी तुला म्हटलं होतं. तू अजून सांगितलेलं नाहीस.

दाक्षायणी